ताण नेमका कुणाचा? लाल रक्तपेशींच्या विभेदनातील ‘ताण-कायनेज’विषयक संशोधनाची चिकित्सा

प्रास्ताविक

रक्तविज्ञानातील दोन शोधनिबंध शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. पहिला १९९८ साली ‘ब्लड’ या नियतकालिकात नागाता, ताकाहाशी, डेव्हिस व तोदोकोरो यांनी प्रसिद्ध केला. एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकामुळे लाल रक्तपेशींचे जे विभेदन घडून येते, त्यासाठी पी-३८ व जेएनके ही दोन कायनेजे सक्रिय होणे आवश्यक आहे, ईआरके या तिसऱ्या कायनेजाची मात्र गरज नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. दुसरा निबंध २००० साली तामुरा, कारिन व सहकाऱ्यांनी ‘सेल’मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्याही शीर्षकात आवश्यकतेचीच भाषा आहे, त्यामुळे केवळ शीर्षके वाचणाऱ्यास दोन्ही निबंध एकाच पक्षाचे वाटतील. प्रत्यक्षात दुसऱ्या निबंधातील पुरावा पहिल्याच्या गाभ्यालाच हात घालतो. एरिथ्रोपोएटिनच्या ग्राहीपासून पुढे, म्हणजे लाल होऊ घातलेल्या पेशीच्या आत, पी-३८ अल्फाची गरज नाही, असे तो सांगतो.

कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा गट बसवून त्याचे कार्य सुरू, बंद किंवा कमीजास्त करणारे विकर. पेशीच्या पृष्ठभागावर आलेला संदेश केंद्रकापर्यंत नेण्याचे काम अशा विकरांची साखळी करते. विभेदन म्हणजे अस्थिमज्जेतील मूलपेशीपासून टप्प्याटप्प्याने विशिष्ट कार्याची पेशी घडत जाणे. लाल पेशीच्या बाबतीत हा प्रवास फार टोकाचा असतो. पेशी हिमोग्लोबिनने भरून जाते आणि अखेरीस स्वतःचे केंद्रकच बाहेर टाकते. प्रौढ मनुष्याच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख लाल पेशी अशा तयार होतात. एवढ्या मोठ्या कारखान्याचे नियमन ‘ताणा’ला प्रतिसाद देणारी कायनेजे करतात, हे विधान वीस-पंचवीस वर्षांपासून आढावा-लेखांत व व्याख्यानांत रुळले आहे. त्या विधानामागील पुरावा किती व कसा आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

नाव कसे पडले

या कायनेजांना ‘ताण’ हे विशेषण चिकटले ते त्यांच्या शोधाच्या प्रसंगामुळे. किण्वाच्या पेशीतील हॉग-१ हे कायनेज १९९३ मध्ये उजेडात आले, ते परिसरातील क्षारांचे प्रमाण वाढल्यावर सक्रिय होते म्हणून. १९९४ मध्ये त्याचाच सस्तन प्राण्यांतील भाऊबंद पी-३८ एकाच वेळी अनेक प्रयोगशाळांना सापडला. एका गटाने जीवाणूंच्या कवचातील विषारी घटक पेशींना दिला होता, दुसऱ्यांनी उष्णतेचा व रसायनांचा आघात केला होता, तर स्मिथक्लाइन बीचम या औषध कंपनीतील संशोधक आपले दाहविरोधी संयुग पेशीतील कोणत्या प्रथिनाला चिकटते याचा माग काढत होते. त्याच वर्षी जेएनकेच्या कुलाला ‘ताण-सक्रिय प्रथिन-कायनेज’ हे नाव मिळाले. ज्याने ज्या दाराने प्रवेश केला त्याने त्या दाराचे नाव घराला दिले, असा हा प्रकार होय.

अडचण १९९७ मध्ये उद्भवली. तोदोकोरो यांच्याच गटाने दाखविले की एरिथ्रोपोएटिन आणि इंटरल्यूकिन-३ ही रक्तवृद्धीची नित्याची संप्रेरकेही पी-३८ व जेएनके यांना सक्रिय करतात. एरिथ्रोपोएटिन हा पेशीवरील आघात नव्हे. उलट लाल पेशीच्या पूर्वजांना जिवंत ठेवणारा तो संदेश आहे. अशा वेळी ‘ताण’ हे विशेषण मागे घेणे किंवा निदान अवतरणचिन्हांत टाकणे उचित ठरले असते. तसे घडले नाही. उलट १९९९ मध्ये नागाता व तोदोकोरो यांनी उंदराच्या एसकेटी-६ पेशींना सौम्य क्षाराघात व उष्णताघात देऊन पाहिला. अल्पकाळच्या सौम्य आघाताने पेशी लाल होतात, दीर्घकाळच्या आघाताने त्या आत्मनाश करतात, आणि दोन्ही घटनांत हीच कायनेजे गुंतलेली असतात, असे त्यांना आढळले. प्रयोग कल्पक आहे व काळजीपूर्वक केलेला आहे, यात शंका नाही. एकाच संदेशाची मात्रा व मुदत बदलल्याने परिणाम उलटतो, ही त्यातील मौलिक गोष्ट पुढच्या काळात तितकीशी उचलली गेली नाही. उचलले गेले ते ‘ताणामुळे विभेदन’ हे सुटसुटीत सूत्र.

मराठीत हा घोटाळा अधिकच वाढतो. ‘स्ट्रेस’साठी ‘ताण’ हा शब्द योजला की वाचकाच्या मनात प्रथम ताणतणाव, म्हणजे मनाची अवस्था उभी राहते. काही लोकप्रिय लेखांत ‘मानसिक ताणाने रक्त कमी होते’ अशा विधानांना आधार म्हणून या संशोधनाकडे बोट दाखवले जाते. एसकेटी-६ पेशींना मन नाही, हे सांगावे लागू नये.

पेशीमालिकांची साक्ष

या परंपरेतील पुराव्याचा मोठा भाग प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या पेशीमालिकांतून आलेला आहे. एसकेटी-६ ही उंदराच्या रक्तकर्कातील मालिका, तर के-५६२ ही दीर्घकालीन मज्जाजन्य रक्तकर्काच्या रुग्णाकडून मिळालेली व १९७५ साली वर्णन केलेली मालिका. २००० साली विट व सहकाऱ्यांनी के-५६२ पेशींना ब्युटिरेट देऊन दाखविले की पेशी लाल होत असताना ईआरके मंदावते आणि पी-३८ सक्रिय होते. पी-३८चा निरोधक दिला तर ही प्रक्रिया रोखली जाते.

या पेशींची एक अडचण मूलभूत आहे. के-५६२ मध्ये बीसीआर-एबीएल हे विकृत कायनेज सतत चालू असते आणि ईआरकेचा मार्ग त्यामुळे कायम चेतवलेला असतो. वाढ थांबविणारे जवळपास काहीही या पेशींना दिले की त्या थोड्याफार लाल होतात. शिवाय त्या प्रौढ माणसाचे हिमोग्लोबिन बनवीतच नाहीत, गर्भावस्थेतील व भ्रूणावस्थेतील बनवितात आणि केंद्रकही टाकत नाहीत. तेव्हा के-५६२ मधील ‘विभेदन’ म्हणजे बेन्झिडिनच्या रंजकाने निळ्या दिसणाऱ्या पेशींची टक्केवारी होय. ती टक्केवारी मोजणे चूक नाही, परंतु तिला लाल पेशीच्या घडणीचे समानार्थी मानणे चूक आहे.

आणखी एक प्रश्न ‘एरिथ्रोपोएटिन-प्रेरित विभेदन’ या शब्दप्रयोगाचाच आहे. १९९५ मध्ये वू, लिऊ, येनिश व लोडिश यांनी एरिथ्रोपोएटिन किंवा त्याचा ग्राही नसलेले उंदीर तयार केले. गर्भ रक्ताअभावी दगावले, तथापि त्यांच्या यकृतात लाल पेशीचे पूर्वज मात्र उपस्थित होते. संप्रेरक पेशीला लाल होण्याचा आदेश देत नाही. लाल होण्याचे ठरवलेल्या पेशीला ते जगवते व वाढवते, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. मग पेशीमालिकेत एरिथ्रोपोएटिन दिल्यावर जे ‘विभेदन’ दिसते ते शरीरातील कोणत्या टप्प्याशी जुळते? १९९८ च्या निबंधाला हा प्रश्न विचारता आला असता, कारण त्यावेळी १९९५ चे निष्कर्ष सर्वश्रुत होते.

निरोधकाचा साक्षीपुरावा

त्याहून नाजूक बाब निरोधकांची आहे. पी-३८ची भूमिका ठरविण्यासाठी एसबी २०३५८० हे संयुग वर्षानुवर्षे वापरले गेले. पेशी लाल होणे थांबले की त्यातून पी-३८ आवश्यक असल्याचा निष्कर्ष काढला जाई. हा तर्क तेव्हाच टिकतो जेव्हा ते संयुग पी-३८ खेरीज कशालाही स्पर्श करीत नाही आणि पी-३८ला मात्र पूर्णपणे रोखते. या दोन्ही अटी पाळल्या जात नाहीत.

डंडी येथील फिलिप कोहेन यांच्या गटाने २००० पासून अशा निरोधकांची पद्धतशीर पडताळणी केली. एसबी २०३५८० हे केसीन कायनेज-१, आरआयपी-२ व जीएके यांनाही रोखते, असे त्या क्रमात स्पष्ट झाले. त्याआधी १९९९ मध्येच हे संयुग परीक्षानळीत सी-रॅफला रोखते, पण जिवंत पेशीत उलट त्यालाच चेतवते, असे आढळले होते. सी-रॅफ हे ईआरकेच्या साखळीतील वरचे कडे. के-५६२ मध्ये ईआरके दाबला की पेशी लाल होतात, हे वर आलेच आहे. मग पी-३८चा निरोधक देऊन पेशी लाल होणे थांबले, तर ते पी-३८ रोखल्यामुळे थांबले की अप्रत्यक्षपणे ईआरके चेतवल्यामुळे? दोहोंत फरक करणारे नियंत्रण-प्रयोग बहुतेक निबंधांत आढळत नाहीत. जेएनकेसाठी वापरल्या जाणाऱ्या एसपी ६००१२५ ची स्थिती तर याहून वाईट आहे. ते इतक्या कायनेजांना रोखते की त्याच्या आधारे जेएनकेविषयी निष्कर्ष काढू नयेत, असा सल्ला २००३ मध्येच दिला गेला.

पी-३८ ही एक व्यक्ती नसून अल्फा, बीटा, गॅमा व डेल्टा असे चौघांचे कुटुंब आहे, आणि एसबी २०३५८० फक्त पहिल्या दोघांना रोखते. २००४ मध्ये उद्दीन, विक्रेमा व सहकाऱ्यांनी मानवी रक्तातून घेतलेल्या अस्सल पूर्वज पेशींत या चौघांचा माग घेतला. अल्फा व गॅमा हे आरंभापासून अखेरपर्यंत हजर असतात, डेल्टा मात्र विभेदनाच्या अखेरच्या टप्प्यातच प्रकट व सक्रिय होतो. म्हणजे लाल पेशी खऱ्या अर्थाने घडते त्या टप्प्यावर अवतरणारा सदस्य नेमका तोच, ज्याला प्रचलित निरोधक हात लावू शकत नाही! या एका निबंधाने आधीच्या अनेक निबंधांचे पुनर्वाचन अपरिहार्य केले आहे. ते पुनर्वाचन झालेले दिसत नाही.

सजीव उंदराची साक्ष

आता २००० च्या निबंधाकडे परत वळावे लागेल. पी-३८ अल्फाचे जनुक काढून टाकलेले काही गर्भ साधारण बाराव्या दिवसाच्या सुमारास दगावले. जे पुढे जगले ते दिसायला धड होते, पण रक्तक्षयाने फिकट पडलेले होते. इथवर वाचणारा म्हणेल, आवश्यकता सिद्ध झाली. परंतु संशोधक थांबले नाहीत. पी-३८ अल्फा नसलेल्या रक्त-मूलपेशी त्यांनी किरणोत्साराने मज्जा नष्ट केलेल्या निरोगी उंदरांत रोपल्या. त्या मूलपेशींनी रक्त पुन्हा उभे केले. दोष लाल पेशीत नव्हताच. दोष एरिथ्रोपोएटिन तयार करणाऱ्या पेशींत होता. प्राणवायू कमी पडला असता एरिथ्रोपोएटिनचा संदेशवाहक आरएनए टिकून राहावा यासाठी पी-३८ लागते, असे मानवी यकृत-कर्कपेशींतही त्यांनी दाखविले.

म्हणजे एकाच कायनेजाची ‘आवश्यकता’ एका निबंधात संदेश घेणाऱ्याकडे आहे, दुसऱ्यात संदेश पाठवणाऱ्याकडे. पत्र पोहोचले नाही, तर दोष वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा की लिहिणाऱ्याच्या हाताचा, हा भेद क्षुल्लक मानता येत नाही. त्याच वर्षी अन्य दोन गटांनी पी-३८ अल्फाविना वाढणाऱ्या गर्भांत वारेची रक्तवाहिनीरचनाच बिघडते असे दाखवून आणखी एक सावधगिरी शिकवली. गर्भाच्या हालांचे मूळ गर्भाबाहेरही असू शकते.

तथापि तामुरांच्या निबंधालाही सर्वमान्य निवाडा समजता येणार नाही. मज्जारोपणाची कसोटी फार जाड चाळणीची आहे. रक्त उभे राहते की नाही एवढेच ती सांगते, किती सुबक उभे राहते ते सांगत नाही. कुटुंबातील उरलेले सदस्य अल्फाची जागा भरून काढू शकतात, हीही शक्यता उरते. २०१२ मध्ये शुल्ट्झे, वाग्नर, हुई व सहकाऱ्यांनी ‘सेल रिसर्च’मध्ये दाखविले की रक्तक्षय भरून काढण्याच्या निकडीच्या काळात पी-३८ अल्फाविना लाल पेशींचे केंद्रक टाकण्याचे काम नीट होत नाही, आणि या कामी आरबी प्रथिनाचा मार्ग गुंतलेला असतो. म्हणजे १९९८ चा निष्कर्ष सर्वस्वी निराधार नव्हता. तो चुकीच्या टप्प्यावर व चुकीच्या व्याप्तीत मांडला गेला होता.

एका शब्दाचे तीन अर्थ

२०१२ च्या या निबंधातही ‘ताण’ हा शब्द आहे, पण तो १९९९ च्या निबंधातला नाही. १९९९ मध्ये ताण म्हणजे एका पेशीवर झालेला क्षाराचा वा उष्णतेचा आघात. २०१२ मध्ये ताण म्हणजे संपूर्ण प्राण्याच्या रक्ताची तूट, जिच्यावर उपाय म्हणून उंदराची प्लीहाही लाल पेशी बनवू लागते. या दुसऱ्या अर्थी लाल पेशीच्या पूर्वजावर कसलाही आघात झालेला नसतो. तिला फक्त जास्त काम सांगितलेले असते. दोन्हीकडे एकच शब्द व एकच कायनेज आले की वाचक नकळत एका अर्थावरून दुसऱ्यावर घसरतो, आणि आढावा-लेखांतील बाण याच निसरड्या जागेवरून काढलेले असतात.

तिसरा अर्थ सर्वांत कमी बोलला जातो. अस्थिमज्जेतील प्राणवायूचा दाब २०१४ मध्ये जिवंत उंदरात प्रत्यक्ष मोजला गेला, तो पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरहून कमी भरला. बाहेरच्या हवेत तो समुद्रसपाटीला १६० च्या आसपास असतो. मज्जा काढून पेशी हवेत आणणे हाच त्यांच्यावरचा एक आघात आहे. २०१५ मध्ये ब्रॉक्समायर यांच्या गटाने मज्जा काढण्यापासून सर्व हाताळणी ३ टक्के प्राणवायूत केली, तेव्हा हाती लागणाऱ्या मूलपेशींची संख्या लक्षणीय वाढली. मग नेहमीच्या हवेत ठेवलेल्या पेशींत पी-३८ सक्रिय आढळले, तर ते विभेदनामुळे की प्रयोगशाळेच्या हवेमुळे?

मूलपेशींविषयीच्या वादाला हीच पार्श्वभूमी आहे. २००६ मध्ये इतो, सुदा व सहकाऱ्यांनी ‘नेचर मेडिसिन’मध्ये मांडले की ऑक्सिडीकारक रेणू पी-३८मार्फत मूलपेशींचे आयुष्य घटवितात आणि निरोधकाने ते वाढविता येते. २०१६ मध्ये कारिगाने व सहकाऱ्यांनी, तेही टोकियोतूनच, दाखविले की मज्जेवर आघात झाल्यावर लगेच व थोडाच वेळ सक्रिय होणारे पी-३८ अल्फा प्युरीनच्या निर्मितीला चालना देते आणि त्याविना मूलपेशी रक्त भरून काढू शकत नाहीत. एकीकडे शत्रू, दुसरीकडे तारक. दोन्ही खरे असू शकतात, कारण एकात सक्रियता दीर्घकाळची आहे व दुसऱ्यात क्षणिक. १९९९ च्या निबंधातील दुर्लक्षित गोष्ट येथे सतरा वर्षांनी परत आली, असे म्हणता येईल.

रुग्णशय्येजवळ या गोंधळाला किंमत मोजावी लागते. मज्जाविकृतीच्या रुग्णांत पी-३८ अतिसक्रिय असल्याचे व ते रोखल्यास पूर्वज पेशी पुन्हा वाढू लागतात असे २००६ मध्ये दाखवले गेले आणि त्यावरून औषधांच्या चाचण्या झाल्या. त्याच सुमारास, पी-३८ चेतवल्याने गर्भीय हिमोग्लोबिन वाढते, असेही पेस व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेले होते. सिकल पेशी आजारात गर्भीय हिमोग्लोबिन वाढणे हितकारक असते, हायड्रॉक्सियुरियाचा उपयोग मुख्यतः त्यामुळेच होतो. गडचिरोली-चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत हा आजार घराघरांत ठाऊक असल्याने विदर्भातील वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटणार नाही. एकाच कायनेजाला एका आजारात रोखायचे व दुसऱ्यात चेतवायचे, तर ते कोणत्या पेशीत, किती वेळ व चौघांपैकी कोणाला, हे आधी कळायला हवे.

एक वेगळे उदाहरण

ताण हा शब्द नेमकेपणाने वापरता येतो, याचा दाखला याच पेशीत आहे. हीम-नियंत्रित निरोधक, म्हणजे एचआरआय, हे कायनेज हीमची तूट ओळखते आणि ग्लोबिन प्रथिनाची निर्मिती थोपवते. लोह नाही तर हीम नाही, हीम नाही तर ग्लोबिन कशाला, असा त्याचा हिशेब आहे. जेन-जेन चेन यांच्या गटाने २००१ मध्ये एचआरआय नसलेल्या उंदरांना लोहाची वाण पाडली. लोहन्यूनतेत पेशी लहान व फिकट होतात, हे प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. या उंदरांत त्या तशा झाल्या नाहीत. हीमविना राहिलेले ग्लोबिन पेशींत गोळे होऊन साचले व पेशी मरू लागल्या. पेशी लहान होणे हा आजाराचा नुसता परिणाम नसून पेशीचा बचाव आहे, हे त्यातून उमगले. येथे ताणाला नाव आहे, तो ओळखणारा रेणू ठाऊक आहे, पेशी कोणती तेही ठाऊक आहे. याचा अर्थ येथे मतभेद नाहीत असे नव्हे. २०१८ मध्ये फिलाडेल्फियातील गटाने एचआरआय घटवल्यास गर्भीय हिमोग्लोबिन वाढते असे दाखविले, तर २०१३ मध्ये हान व लाउरी यांनी एचआरआयच्याच पुढच्या पायरीवरील फॉस्फेट टिकवून धरल्यास ते वाढते असे म्हटले होते. दिशा विरुद्ध आहेत, पण वाद कशाविषयी आहे हे दोन्ही पक्षांना ठाऊक आहे. पी-३८च्या बाबतीत तेवढेही म्हणता येत नाही.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांपुढे

पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून के-५६२ सहज मिळते आणि एखाद्या वनस्पतीचा अर्क, बेन्झिडिनचे रंजक व फॉस्फेटयुक्त पी-३८ ओळखणारे प्रतिपिंड एवढ्या सामग्रीवर लघुप्रबंध उभा राहतो. सामग्री थोडी असणे हा दोष नाही. मात्र फॉस्फेटयुक्त पी-३८ची पट्टी गडद झाली म्हणजे निरोधकाने काम केले नाही, किंवा फिकट झाली म्हणजे केले, असे वाचणे सर्रास घडते व ते चूक आहे. एसबी २०३५८० पी-३८चे काम रोखते, त्याच्यावर फॉस्फेट बसणे नव्हे. त्याचा परिणाम पाहायचा तर पट्टी पी-३८ची नव्हे, त्याच्या हाताखालच्या एमके-२ ची काढावी लागते. त्यासोबत रासायनिक जडणघडण अगदी वेगळी असलेला दुसरा निरोधक, उदाहरणार्थ बीआयआरबी ७९६, जो पुरेशा मात्रेत चारही सदस्यांना रोखतो, तो वापरावा लागतो आणि प्रत्येक टप्प्यावर ईआरकेचीही पट्टी काढून ठेवावी लागते. एवढ्यासाठी लागतात ती आणखी दोन प्रतिपिंडे आणि एक संयुग.